स्मिथ : एका आडनावाची कुळकथा



अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यातील एका खांबावर एका इंग्रज अधिकाऱ्याने आपले नाव खरडून ठेवले आहे. नाव जॉन स्मिथ, महिना एप्रिल, साल १८१९. त्याच्या दीड वर्ष आधी, नोव्हेंबर १८१७ मध्ये, पुणे शहर इंग्रजांच्या हाती गेले, तेव्हा त्यांच्या फौजेचा सेनापती जनरल लायोनेल स्मिथ हा होता. फेब्रुवारी १८१८ मध्ये अष्टीच्या रणांगणावर बापू गोखले पडले, तेव्हा समोर सेना होती ती याच स्मिथची. हिंदुस्थानचा प्राचीन इतिहास वाचू लागावे तर व्हिन्सेंट स्मिथ भेटतो आणि अर्थशास्त्राचे पहिले पान उलटावे तर ॲडम स्मिथ. आडनाव एक म्हणून कूळ एक, असे मात्र मुळीच नाही. मग एकच नाव इतक्या ठिकाणी आले कोठून? आज आम्हांस बोलावयाचे आहे ते याच प्रश्नाविषयी.

स्मिथ म्हणजे धातू घडविणारा कारागीर, व्यवहारात लोहार. 'मारणे' या अर्थाचे एक जुने इंग्रजी क्रियापद आहे, त्यावरून हा शब्द आला, म्हणजे घण मारणारा तो स्मिथ, अशी व्युत्पत्ती पुष्कळदा सांगितली जाते. ती ऐकावयास गोड आहे, पण भाषापंडित ती मानीत नाहीत. या शब्दाच्या मुळाशी मारण्याचा नव्हे, घडविण्याचा अर्थ आहे. आइसलँडच्या भाषेत तर सुतारालाही 'लाकडाचा स्मिथ' असेच म्हणतात. डरहॅम येथील सुमारे ९७५ सालच्या एका नोंदीत एक्केआर्ड नावाच्या माणसापुढे 'स्मिथ' असे लिहिलेले सापडते. पण ते आडनाव नव्हे, ते त्याचे काम होते. नोंद करणाऱ्यास एवढेच सांगावयाचे होते की, हा एक्केआर्ड म्हणजे आपला लोहार.

आता एक कोडे पाहा. त्या काळच्या इंग्लंडात शेकडा बहुसंख्य लोक जमीन कसणारे होते. मग सर्वांत अधिक आडनावे 'शेतकरी' या अर्थाची असावयास हवी होती. गावात लोहार तो एक, फार तर दोन. तरीही आज इंग्लंडात सर्वांत अधिक आढळणारे आडनाव आहे ते स्मिथ. हे कसे घडले?

उत्तर सोपे आहे. आपण नाव कशासाठी ठेवतो याचा विचार केला की ते सापडते. आडनाव माणूस स्वतः घेत नसे, शेजारी ते देत असत, आणि देत ते ओळख पटावी म्हणून. गावात दहा जॉन असले आणि दहाही नांगर धरणारे असले, तर 'नांगरवाला जॉन' म्हणून कोणाचाच बोध होणार नाही. पण 'लोहार जॉन' म्हटले की बोट एकाच घराकडे वळते. ज्याच्या दारी नांगराचा फाळ, विळे, खिळे, बिजागऱ्या, घोड्याचे नाल यांसाठी अवघ्या गावाला जावे लागते, ते घर! तेव्हा गावात लोहार थोडे होते म्हणून ते नाव चिकटले, आणि गावोगाव एकेक लोहार होता म्हणून देशभर त्या नावाची रास पडली. स्मिथ हे नाव लोहारांच्या गर्दीची खूण नव्हे, लोहार सर्वत्र लागत असे याची ती खूण आहे.

याला दुसऱ्या देशांचीही साक्ष आहे. जर्मनांचा श्मिट, फ्रेंचांचा लफेव्र, हंगेरीतील कोवाच, पोलंडमधील कोवाल्स्की, रशियातील कुझ्नेत्सोव्ह आणि अरबांचा हद्दाद, ही सारी लोहाराचीच नावे. भाषा निराळ्या, धर्म निराळे, पण ऐरण एकच.

इंग्लंडात ही नावे वंशपरंपरेने चालू लागली ती १०६६ च्या नॉर्मन विजयानंतर. आधी सरदारांत, मग हळूहळू सामान्यांत. सन १४०० च्या सुमारास बहुतेक इंग्रज घराण्यांना कायमचे आडनाव होते. डोईपट्टी वसूल करणारा सरकारी कारकून एकदा नाव लिहून घेई आणि बापाचे नाव मुलाला लागे. मधल्या काळात १३४८-४९ ची महामारी येऊन गेली होती. मजुरांचा तुटवडा पडला. १३५१ मध्ये कायदा करून मजुरी बांधून टाकण्याचा प्रयत्न झाला, तरी माणसे चांगल्या मजुरीच्या शोधात गाव सोडीतच राहिली. लोहाराचा मुलगा शहरी जाऊन विणकर झाला, खलाशी झाला, कारकून झाला. नाव मात्र स्मिथच राहिले. घण घरी राहिला आणि नाव गावाबाहेर पडले.

पुढे या नावाने परक्यांनाही आपल्यात घेतले. स्कॉटलंड-आयर्लंडमधील मॅकगोवन म्हणजे 'लोहाराचा मुलगा'; त्यांतील कित्येक भाषांतर होऊन स्मिथ झाले. अमेरिकेस गेलेले कित्येक जर्मन श्मिटही स्मिथ झाले. अमेरिकेच्या २०१० च्या शिरगणतीत सुमारे २४ लक्ष ४३ हजार स्मिथ आढळले, आणि त्यांत शंभरी सुमारे तेवीस कृष्णवर्णीय होते. त्यांच्या पूर्वजांनी इंग्लंडातील एखाद्या खेड्यात भाता ओढला होता काय? मुळीच नाही. कोणास ते नाव गुलामगिरीच्या काळात मालकाकडून आले, तर कोणी १८६५ मध्ये गुलामगिरी संपल्यावर स्वतः स्वीकारले.

गंमत अशी की, गर्दीत एकास ओळखावे म्हणून जे नाव निघाले, ते शेवटी गर्दीचेच नाव झाले. जॉर्ज ऑर्वेलला १९४९ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत, जुलमी राज्यात चिरडला जाणारा अगदी सामान्य माणूस रंगवावयाचा होता. त्याने त्याला आडनाव दिले ते स्मिथ.

आता जरा ॲडम स्मिथकडे वळू. १७२३ मध्ये कर्कॉडी गावी जन्मलेल्या या पंडिताचा बाप जकातखात्यात नोकर होता, लोहार नव्हे. परंतु १७७६ च्या आपल्या प्रसिद्ध ग्रंथात श्रमविभागणी समजावून सांगताना त्याला लोहारच आठवला. तो सांगतो की, खिळे करण्याची सवय नसलेला साधा लोहार दिवसाला जेमतेम दोन-तीनशे खिळे करील. पण खिळ्यांखेरीज दुसरे काहीच न केलेली विशीच्या आतली पोरे दिवसाला दोन हजार तीनशेंहून अधिक खिळे करताना आपण पाहिली आहेत. गावचे सारे काम करणाऱ्या लोहाराचा शेवट जवळ आल्याची ही नोंद, आणि ती लिहिणारा नावाने लोहार!

येथे आम्हांस आपल्या घराकडे पाहणे भाग आहे. आपल्या बारा बलुतेदारांतही लोहार होता, आणि लोहार हे आडनावही आपल्यात आहे. पण इंग्लंडात कोणी स्मिथ म्हणून नाव सांगितले, तर त्याने कोणाशी सोयरीक करावी, हा प्रश्न त्या नावातून उठत नाही. इंग्रज समाज समतेचा पुतळा होता असे आम्ही म्हणत नाही. उच्चनीचता तेथेही भरपूर होती. पण ती या नावात अडकून पडली नाही. आपल्याकडे भाता थंड झाला, मुलगा शिकून इंजिनिअर झाला, तरी आडनाव ऐकताच पुढचा प्रश्न विचारणारी माणसे आजही आहेत. डॉ. आंबेडकरांनी १९३६ साली हेच वर्म दाखविले होते : आपल्याकडे वाटणी कामांपाशी थांबली नाही, ती काम करणाऱ्यांपर्यंत जाऊन पोहोचली.

तेव्हा आडनावे बदला असा उपदेश करण्यास आम्ही उभे नाही. पूर्वजाने जे कसब केले त्याची आठवण नावात राहावी, यात भूषणच आहे. फाळ घडविणाऱ्याच्या वंशजाने तर मान ताठ ठेवावी. आमचे म्हणणे एवढेच की, नावाने मागचे सांगावे, पुढचे ठरवू नये. एखाद्याचे आडनाव कानी पडताच आपल्या ओठांवर जो दुसरा प्रश्न येतो, तो गिळण्याची सवय आपण लावून घेतली, तर आपल्याकडचे लोहार, सुतार, कुंभारही स्मिथसारखे मोकळे होतील.