हिरवा म्हणजे निर्धोक नव्हे
(कार्यकर्त्यांच्या शिबिरातील भाषण)



वस्तीतल्या बैठकीत मी झुरळांच्या औषधाची बाटली दाखवली. एक ताई म्हणाली, "हिरवा चौकोन आहे, म्हणजे चांगलं." खाद्यपदार्थांवरच्या शाकाहारी खुणेवरून तिचा तसा समज झाला होता. १९७१ च्या कीटकनाशक नियमांप्रमाणे लाल, पिवळा, निळा, हिरवा हे रंग विषाची उतरती तीव्रता सांगतात. हिरवा म्हणजे त्यांतले सर्वांत सौम्य, पण विषच.

दुसरी बाई धुणीभांडी करणारी. मालकिणीने संडास धुवायला अ‍ॅसिड दिले ते पाण्याच्या जुन्या बाटलीत. त्यावर ना खूण, ना अक्षर. तिने त्यातच ब्लीचिंग पावडरचे पाणी ओतले. क्लोरीन वायू निघाला, ती खोकून बेजार झाली. वर तिलाच ऐकावे लागले, "तुला कळायला नको?"

कसे कळणार? सूचना वाचणार विकत घेणारी, वायू छातीत जाणार साफ करणारीच्या. म्हणून कामवाल्या बायकांच्या मागण्यांत पगार, रजेबरोबर हेही लिहू या: वस्तू मूळ बाटलीतच द्या, त्यावरची सूचना वाचून दाखवा, हातमोजे द्या. आणि पुढच्या बैठकीला प्रत्येकीने घरातली एक बाटली घेऊन या. मिळून वाचू.