पाठीवरचें बिऱ्हाड

बाभुळगांवच्या शाळामास्तरानें पहाडांविषयीं बोलावें हें कांहींसें विचित्र वाटेल. आमच्याकडे काळी जमीन, पऱ्हाटीचीं शेतें, पुढें वर्धेला मिळणारी बेंबळा नदी आणि गांवाच्या नांवांतच ठाण मांडून बसलेली बाभूळ. पायांत मोडलेला कांटा काढणें, एवढेंच आमचें गिर्यारोहण! तथापि मृदाशास्त्राच्या अभ्यासासाठीं अमेरिकेंत असतांना एका उन्हाळ्यांत मी ३० दिवस पाठीवर बिऱ्हाड घेऊन हिंडलों. त्याचा हिशेब आज आपणांपुढें मांडावयाचा आहे.

पॉल पेट्झोल्ट नांवाच्या गिर्यारोहकानें १९६५ सालीं वायोमिंग राज्यांत ‘नॅशनल आउटडोअर लीडरशिप स्कूल’ ही संस्था काढली. हा गृहस्थ १९२४ सालीं, वयाच्या १६ व्या वर्षीं, गुराख्याचे बूट घालून ग्रँड टीटन शिखर चढला होता. १९३८ सालच्या के-टू शिखरावरील अमेरिकन मोहिमेंतहि तो होता. रानांत माणसें घेऊन जाणारा पुढारी शिकवून तयार करावा लागतो, ही त्याची धारणा. म्हणून त्या शाळेंत पुढारीपण हें पाळीपाळीनें येतें. आज तुम्ही नायक, उद्यां दुसरा कोणी. आणि उरलेल्यांनीं चांगलें अनुयायी व्हावयाचें, हाहि अभ्यासाचाच भाग.

दुसरा विषय भूमीशीं वागण्याचा. शौचाला पाण्यापासून २०० फूट, म्हणजे सुमारें ७० पावलें, दूर जावें. ६ ते ८ इंच खोल खड्डा करून तो बुजवावा. लोटा घेऊन नाल्याकडे जाण्यांत ज्याचें बालपण गेलें त्याला हें काय शिकवितां, असें मनांत आलें. परंतु आमचा रोख नेहमीं पाण्याकडेच असे, हें आठवून मी गप्प बसलों. वाट असेल तेथें एकामागें एक चालावें, वाट नसेल तेथें मात्र पसरून चालावें, हाहि एक नियम. त्याचें मर्म मला फार महागांत कळलें.

विंड रिव्हर पर्वतांत नायकपणाची माझी पाळी आली ती नवव्या दिवशीं. नकाशा माझ्या हातांत होता. एक सहाध्यायिनी म्हणाली, “पुढें दलदल दिसते, वरून वळसा घेऊं या.” मला तें पटलें होतें, पण आधींच ‘सरळ’ असें बोलून बसलों होतों. नायकानें शब्द फिरवावा काय? आम्ही बारा जण एकामागें एक त्या ओल्या कुरणांतून चिखल तुडवीत गेलों. एकीचा पाय मुरगळला. मुक्काम गांठला तेव्हां अंधार पडला होता.

रात्रीं शिक्षकानें मला एकच प्रश्न विचारला, “वाट चुकली हें तुला केव्हां कळलें?” मीं खरें सांगितलें, “पहिल्या तासांतच.” तो कांहीं बोलला नाहीं. सकाळीं मात्र मला मागें घेऊन गेला. हिरव्या कुरणांत आमच्या चोवीस पायांची काळी रेघ स्पष्ट उमटली होती. त्या उंचीवर गवताला वाढावयास वर्षांतून फार थोडे आठवडे मिळतात. ती रेघ कित्येक वर्षें बुजणार नव्हती. माझा हट्ट तेथें जमिनीवर लिहिला गेला होता.

परत आल्यावर मीं शाळेच्या मुलांना बेंबळेच्या जलाशयाच्या काठानें दोन दिवसांच्या पायी सहलीला नेलें. मोठ्या तोऱ्यांत सांगितलें, “मुलांनो, आपली एकहि खूण मागें राहतां कामा नये.” वाटेंत बसलेला एक म्हातारा गुराखी हंसला. “गुरुजी, वाट पुसून टाकसान, त उद्या मी ढोरं कोन्या वाटेनं आनू?”

मला उत्तर सुचेना. मनुष्य हा वनांत केवळ पाहुणा, हा विचार तिकडे १९६४ सालीं कायद्यांत आला. वस्तुतः त्या पर्वतांच्या पायथ्याशींहि शोशोनी व अरापाहो जमातींची राखीव भूमि आहे. तें रानहि कधीं निर्मनुष्य नव्हतें. आणि आमच्या यवतमाळ जिल्ह्यांत तर १९३० सालीं लोकनायक बापूजी अण्यांच्या नेतृत्वाखालीं राखीव जंगलांतील गवत कापून सत्याग्रह झाला. गवताच्या पेंढीपायीं माणसें तुरुंगांत गेलीं. अशा भूमींत ‘कशाला हात लावूं नका’ हा धडा जसाच्या तसा कसा देतां येईल? मीं मुलांना नियम पाठ करावयास सांगण्याचें सोडून त्या म्हाताऱ्याजवळ बसविलें. पळस केवढा तोडावा, कोठलें कुरण यंदां मोकळें ठेवावें, हें त्याला आमच्याहून अधिक ठाऊक होतें.

दुसऱ्या दिवशीं नायकाची पाळी वर्गांत नेहमीं शेवटच्या बांकावर बसणाऱ्या एका मुलाची होती. दहा वाजतां त्यानें सर्वांना थांबविलें, एकेकाची बाटली हलवून पाहिली आणि ऊन्हाकडे पाहून म्हणाला, “सर, परत फिरूं.” पलीकडची टेकडी अर्ध्या कोसावर होती. तेथें पोंचावें अशी माझी फार इच्छा होती. मीं तोंड उघडलें आणि तसेंच मिटलें. आम्ही परत फिरलों.

म्हातारा त्याच बाभळीखालीं होता. “काऊन रे, इतक्यात वापस?” त्यानें विचारलें.

“पानी कमी होतं, बाबा,” मुलगा म्हणाला, आणि रांगेच्या शेवटीं जाऊन चालूं लागला.