लोकरीची कसर आणि घरातील पेटी



भाद्रपद सरत आला की धर्माबाद परिसरातील घराघरांत ‘दसरा काढण्या’ची लगबग सुरू होते. गोधड्या, वाकळा, चादरी, उशांचे अभ्रे असे सारे घराबाहेर पडते. विहिरीवर, ओढ्यावर किंवा गोदावरीच्या काठी धुतले जाते आणि घटस्थापनेपूर्वी खडखडीत वाळून घरात परत येते. आरोग्याच्या दृष्टीने याहून चांगली चाल सांगणे कठीण आहे. परंतु या धुण्यातून एक वस्तू बहुधा सुटते, ती म्हणजे घोंगडी. गरम पाण्याने व चोळण्याने ती आटते. भिजली की एकट्याने उचलवत नाही. म्हणून ती दोनदा झटकून, घडी घालून, पुन्हा पेटीच्या तळाशी ठेवली जाते. पुढे मार्गशीर्षाच्या थंडीत ती उलगडावी, तर तीतून उजेड दिसतो. लग्नातला रेशमी शालू आणि म्हाताऱ्यांची लोकरी शाल यांचीही पुष्कळदा हीच गत होते. हातमागावरची जाड घोंगडी आज पूर्वीइतकी सहज मिळत नाही. गेली ती गेलीच.

‘कसर लागली’ एवढे म्हणून घरची माणसे गप्प बसतात. येथे शिक्षकाचे काम सुरू होते, कारण कसर या एका शब्दाखाली निरनिराळे कीटक वावरतात. सीमेवरच्या या भागातील तेलुगू बोलणारी मुले तर सर्वांनाच ‘पुरुगु’ म्हणून मोकळी होतात. शाळेच्या हजेरीपटात व जुन्या पुस्तकांत पळणारा, चंदेरी चकाकीचा, बिनपंखी कीटक हा एक. त्याला कागद, खळ आणि चिकी हवी असते. लोकर खाणारी कसर ही दुसरी. ती एका लहानशा पतंगाची अळी होय. फडताळ पोखरणारी वाळवी या दोघांहून अगदी वेगळी. शत्रू ओळखल्यावाचून उपाय योजला, तर तो वाया जातो.

लोकरीच्या कसरीचा पतंग फिकट सोनेरी रंगाचा असून त्याची लांबी सहा ते आठ मिलिमीटर भरते. तो दिव्याकडे येत नाही. रात्री दिव्याभोवती घिरट्या घालणारी पाखरे मारून कपडे वाचवल्याचे समाधान मानणारा गृहस्थ भलत्याच प्राण्यावर राग काढत असतो. खऱ्या पतंगाला अंधार प्रिय असतो, आणि विशेष म्हणजे तो कपडा खातच नाही. पंख फुटल्यानंतर त्याचे खाणे संपलेले असते. मादी लोकरीच्या तंतूंत चाळीस-पन्नास अंडी घालते. उष्ण हवेत चार ते दहा दिवसांत त्यांतून अळ्या बाहेर पडतात, आणि नासाडी करतात त्या या अळ्या. एक जात रेशमासारखे जाळे विणून त्याखाली चरते. दुसरी जात कपड्याच्याच तंतूंची नळी करून तीत राहते व ती अंगावर वागवीत फिरते. तांबड्या शालीवरची नळी तांबडी, काळ्या घोंगडीवरची काळी. त्यामुळे पुढ्यात असूनही ती दिसत नाही.

ही अळी लोकर, केस, पिसे आणि रेशीम खाते. हे सारे पदार्थ प्राण्यांपासून मिळतात. लोकर व केस ज्या कठीण प्रथिनाचे बनलेले असतात, ते पचविण्याची शक्ती फार थोड्या प्राण्यांत असते. या अळीत ती आहे. स्वच्छ सुती धोतराकडे ती ढुंकूनही पाहत नाही. मात्र घाम, तेलकटपणा, सांडलेले दूध किंवा वरण यांचे डाग पडलेला भाग तिला अधिक मानवतो, आणि असा डाग असला तर ती सुतालाही तोंड लावते. घोंगडीचे दुर्दैव दुहेरी आहे. विणताना तिच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देतात. म्हणजे लोकर एका कीटकाला आणि खळ दुसऱ्याला, असे आमंत्रण दोघांनाही जाते.

असे असूनही मेंढपाळाच्या खांद्यावरच्या घोंगडीला कसर लागत नाही. ती रोज झटकली जाते, उन्हात तापते, वाऱ्यावर फडफडते. अळीला तीत स्वस्थता मिळत नाही. जपून ठेवलेली घोंगडी खाल्ली जाते आणि वापरातली टिकते, ही गोष्ट मुलांना विलक्षण वाटेल, आणि ती तशी वाटावी.

उपाय त्यातूनच निघतो. सुमारे पन्नास अंश उष्णतेत तासभर राहिल्यास या कीटकाची अंडी, अळ्या, कोश व पतंग हे सारे मरतात. वैशाखात दुपारी बाराच्या सुमारास काळी घोंगडी पत्र्यावर पसरावी. तळहात टेकवत नाही इतकी ती तापते. परंतु एकच बाजू तापवून भागत नाही, कारण उजेड पडताच अळी खालच्या बाजूला सरकते. दर अर्ध्या तासाने घोंगडी उलटावी, घडीच्या जागा उकलाव्यात, नंतर काठीने झोडपावी व ताठ कुंचल्याने शिवणी आणि काठ घासून काढावेत. अंडी सुटून पडण्यास याचा फार उपयोग होतो. रेशमी वस्त्राचा रंग उन्हाने उडतो. ते सावलीत वाऱ्यावर टाकून हलक्या हाताने झटकावे. पेटीतल्या कोपऱ्यांत साठलेला केसांचा व धाग्यांचा भुगाही पुसून काढावा. कसरीचे बी तेथे राहते. मग स्वच्छ, पूर्ण कोरडे व थंड झालेले वस्त्र धुतलेल्या सुती कापडात गुंडाळून घट्ट झाकणाच्या पेटीत ठेवावे. पावसाळ्यात उघडीप मिळेल त्या दिवशी एकदा ते पुन्हा पाहावे.

आता डांबरगोळ्यांविषयी. बाजारात त्या स्वस्त मिळतात आणि पेटीत चार टाकल्या की काम झाले, अशी समजूत आहे. वस्तुतः या गोळ्यांची वाफ कोंडून दाटली तरच अळी मरते. जिचे झाकण नीट बसत नाही, अशा पेटीत ती वाफ बाहेर निसटते; घरात डांबरगोळ्यांचा वास येत असेल, तर अळी सुखात आहे आणि वाफ माणसांच्या छातीत जात आहे, असे समजावे. गोळी पांढरी, गुळगुळीत आणि पेपरमिंटसारखी दिसते. रांगते मूल ती तोंडात घालते. काही मुलांच्या रक्तात एक विकर जन्मतःच कमी असते. अशा मुलाच्या तांबड्या पेशी या विषाने फुटतात, डोळे पिवळे होतात, लघवी गडद होते आणि प्राणावर बेतते. गोळ्यांत ठेवलेली दुपटी न धुता, न वाळवता तान्ह्याला गुंडाळल्यानेही असे घडलेले आहे. म्हणून बाळाचे कपडे असलेल्या पेटीत ही गोळी कधीच असू नये. मुलाने ती गिळल्यास त्याला ओकारी काढण्याच्या खटपटीत वेळ दवडू नये, दूध किंवा तूप पाजू नये, कारण स्निग्ध पदार्थाने विष अधिक शोषले जाते. तडक दवाखाना गाठावा व उरलेली गोळी डॉक्टरांना दाखवावी. कापूरही निरुपद्रवी नव्हे. तो पोटात गेल्यास मुलाला झटके येतात.

डी.डी.टी.ची भुकटी कपड्यांत टाकण्याची आठवण काही वृद्धांना असेल. स्वित्झर्लंडमधील पाउल म्यूलर यांनी १९३९ मध्ये तिचा कीटकनाशक गुण ओळखला आणि १९४८ मध्ये त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. ज्या कंपनीत ते काम करीत, तेथे लोकरीला कसर लागू नये यासाठीही संशोधन चालू होते. पुढे या द्रव्याचे दुष्परिणाम उघड झाले आणि १९८९ मध्ये भारतात शेतीसाठी त्याचा वापर बंद करण्यात आला. घरच्या पेटीत त्याला जागा नाही.

धर्माबाद मिरचीचे गाव असल्याने पेटीत मिरच्या टाकाव्यात काय, हा प्रश्न वर्गात हमखास येईल. त्याचे उत्तर मिरचीचा कोणताही व्यापारी देईल. साठवणीच्या वाळल्या मिरचीलाच भुंगेरे लागतात. जी स्वतःचे रक्षण करू शकत नाही, ती शालीचे काय करणार? शिवाय तिची पूड कापडात राहून मुलाच्या डोळ्यांत जाते. वेखंडाचे तुकडे किंवा सावलीत पूर्ण सुकवलेला कडुलिंबाचा पाला ठेवण्यास हरकत नाही; ओला पाला मात्र डाग पाडतो व बुरशी आणतो. या वासांनी पतंग दूर राहण्यास थोडीबहुत मदत होईल, पण आत शिरलेली अळी त्यांनी मरत नाही. पाला हा उन्हाचा मदतनीस आहे, त्याचा बदली माणूस नव्हे.

वर्गात एक प्रयोग सहज करता येईल. तीन काचेच्या बाटल्या घेऊन एकीत लोकरीचा, दुसरीत धुतलेल्या सुताचा आणि तिसरीत पॉलिएस्टरचा तुकडा ठेवावा, प्रत्येकीत दोन-दोन अळ्या सोडून तोंडाला तलम कापड बांधावे व बाटल्या अंधाऱ्या फडताळात ठेवाव्यात. पंधरा दिवस मुलांनी रोज नोंद करावी. कोणता धागा प्राणिज आहे हे ठरविण्यासाठी शिक्षकाने स्वतः चिमट्यात एकेक धागा धरून जाळून दाखवावा: लोकरीला जळक्या केसांचा वास येतो, सुताला जळक्या कागदाचा. ज्याला केसांचा वास, ते कसरीचे अन्न. प्रयोग संपल्यावर अळ्यांसह लोकरीचा तुकडा जाळून टाकण्यास विसरू नये; नाहीतर शाळेतून कसर घरोघर जाईल.

शाळेच्या स्वतःच्या पेटीतही एक मोलाचे वस्त्र असते. २६ जानेवारीनंतर राष्ट्रध्वज घडी घालून ठेवला जातो आणि मधला महाराष्ट्र दिन सोडला, तर तो उघडतो थेट १५ ऑगस्टच्या सकाळी, ऐन पावसाळ्यात. ध्वज सुती खादीचा असेल, तर लोकरीच्या कसरीचे भय थोडे. पण त्याला खळ असेल व जवळ जुने कागद असतील, तर चंदेरी कसर आणि झुरळे तो कुरतडतात. लोकरी व रेशमी ध्वजाला दोन्ही भये आहेत. ३० डिसेंबर २०२१ च्या दुरुस्तीनंतर पॉलिएस्टरचा ध्वजही चालतो. त्याला कसर लागत नाही, उंदीर मात्र तोही सोडत नाही. ध्वज कोरडा करून, खळ न देता, स्वच्छ कापडात, कागदपत्रांपासून वेगळ्या डब्यात ठेवावा. फाटलेला ध्वज लावू नये, आणि तो निरुपयोगी झाल्यास खासगीरीत्या, संपूर्णपणे, शक्यतो जाळून नष्ट करावा, असे ध्वजसंहितेत सांगितले आहे. डबा पंधरवडाभर आधी उघडून पाहिला, तर राष्ट्रध्वज जेथे तयार होतात त्या नांदेडला जाऊन नवा ध्वज आणण्यास पुरेसा अवधी हाती राहतो.