'राइट' या शब्दाचा अर्थ
(एका वकील बंधूंनी उपासक-उपासिकांपुढे दिलेले व्याख्यान)



आज मी आपणांपुढे एका साध्या इंग्रजी शब्दाविषयी बोलणार आहे. तो शब्द म्हणजे 'राइट'. मुलाचे गणित बरोबर आले की गुरुजी 'राइट' म्हणतात. रिक्षावाल्याला आपण 'राइटला घ्या' असे सांगतो. आणि कोर्टात वकील आपल्या अशिलाच्या 'राइट'साठी भांडतो. बरोबर, उजवा आणि हक्क असे हे तीन अर्थ. मराठीत त्यांना तीन निराळे शब्द आहेत. इंग्रजीत मात्र एकच आहे. हे असे का, याचा विचार करण्यासारखा आहे.

या शब्दाचा मूळ अर्थ 'सरळ' असा आहे. लॅटिनमधील 'रेक्टस' आणि संस्कृतातील 'ऋजु' ही त्याची भावंडे होत. जर्मन भाषेत 'रेख्ट' म्हणजे कायदा आणि हक्कही. फ्रेंच भाषेतील 'द्रुआ' या शब्दाचेही सरळ, उजवा आणि हक्क असेच अर्थ होतात. ऋजूचे पाली रूप 'उजु'. संघवंदनेत आपण 'उजुपटिपन्नो' म्हणतो, तो हाच शब्द. सरळ मार्गाने चालणारा, असा त्याचा अर्थ. आपला 'उजवा' हाही त्याच कुळातला. म्हणजे, जे सरळ आहे, न्याय्य आहे, तेच माणसाने आपले म्हणून मागावे, ही समजूत या शब्दाच्या पोटात आहे.

आता आपल्याकडे काय घडले ते पाहा. 'अधिकार' हा जुना शब्द घ्या. शास्त्रकारांच्या लेखी अधिकार म्हणजे पात्रता, आणि ती पात्रता जन्मावर ठरे. यज्ञाचा अधिकार कोणाला, याची चर्चा जैमिनीच्या मीमांसासूत्रांत आहे. शूद्रालाही तो अधिकार आहे, असे मत बादरी नावाच्या आचार्यांनी मांडले. परंतु तेथे ते अमान्य करण्यात आले. अधिकार हा शब्द राहिला. त्यातील सरळपणा मात्र गेला.

'हक्क' हा शब्द अरबी. त्या भाषेत त्याचा अर्थ सत्य असा आहे, आणि न्याय्य वाटा असाही आहे. परंतु आपल्या गावात येऊन या थोर शब्दाची काय दशा झाली! महारांना बावन्न हक्कांची सनद मिळाली होती, अशी परंपरागत कथा आपल्या वाडवडिलांनी अभिमानाने सांगितली. ते हक्क कोणते? मेलेल्या जनावराचा हक्क, दारोदार भाकरी मागण्याचा हक्क, खळ्यावरच्या बलुत्याचा हक्क. त्यांच्या मोबदल्यात रात्रंदिवस राबणूक. ज्याला हक्क म्हटले गेले, ती वस्तुतः गळ्यातील साखळी होती. म्हणून परमपूज्य बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात वतनासंबंधीचे बिल मांडले. पुढे १९५८ च्या कायद्याने ही वतने नष्ट करण्यात आली. आपल्या समाजाने आपलेच तथाकथित हक्क नष्ट व्हावेत म्हणून लढा द्यावा, याचे मर्म यातच आहे.

सवर्णांचाही असाच एक 'हक्क' होता. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी बाबासाहेब आणि त्यांचे अनुयायी प्यायले. त्यावर काही सवर्ण गृहस्थांनी दिवाणी दावा लावला. अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची वहिवाट अनादी काळापासून आहे, सबब तो आमचा हक्क होय, असे त्यांचे म्हणणे. नऊ वर्षांहून अधिक काळ हा दावा चालला. १७ मार्च १९३७ रोजी मुंबई हायकोर्टाने त्यांचे अपील फेटाळले. अशी अनादी वहिवाट त्यांना शाबीत करता आली नव्हती. दुसऱ्याला पाण्यापासून हाकलणे यालाही माणसे हक्क म्हणू शकतात, हे या दाव्याने दाखवून दिले. म्हणून कोणी हक्क सांगू लागला की आपण विचारले पाहिजे: हा हक्क सरळ आहे काय? तो सर्वांना सारखा देता येईल काय?

भारतीय संविधानाने या शब्दाला त्याचा सरळपणा परत दिला. मूलभूत हक्क जन्माच्या जातीवर अवलंबून नाहीत. कलम १७ ने अस्पृश्यता नष्ट केली, आणि कलम ३२ ने हक्कासाठी थेट सुप्रीम कोर्टाचे दार ठोठावण्याचाही हक्क दिला. १९५५ चा अस्पृश्यता (अपराध) अधिनियम १९७६ साली दुरुस्त झाला, तेव्हा त्याचे नावही बदलून नागरी हक्क संरक्षण अधिनियम असे झाले. आपण कचेरीत अर्ज लिहितो तेव्हा 'मेहेरबानी व्हावी' असे लिहिण्याची जुनी सवय आहे. ती सोडा. नम्रता असावी, परंतु हक्काला मेहेरबानी म्हणणे ही नम्रता नव्हे.

याच 'राइट' शब्दाशी आपली दुसरीकडेही गाठ पडते. आर्य अष्टांगिक मार्गातील 'सम्मा', म्हणजे सम्यक, याचे इंग्रजी भाषांतर 'राइट' असेच करतात. सम्यक दृष्टी, सम्यक वाचा, सम्यक कर्मान्त. येथे अर्थ हक्काचा नाही, योग्यतेचा आहे. मराठीत हे शब्द दोन आहेत, म्हणून आपण हक्क कचेरीत ठेवतो आणि सम्यक विहारात ठेवतो. ही फारकत घातक आहे.

तिची परीक्षा आपल्याच घरात होते. वडील वारले की भाऊ बहिणीपुढे एक कागद ठेवतो. त्याचे नाव हक्कसोडपत्र. बहिणीने सही केली नाही तर माहेर तुटेल, अशी भीती घातली जाते. १९५६ चा हिंदू उत्तराधिकार कायदा बौद्धांनाही लागू आहे. धर्मांतराने मुलीचा वाटा बुडत नाही. २००५ च्या दुरुस्तीने तर वडिलोपार्जित मिळकतीत तिला मुलाच्या बरोबरीचा जन्मसिद्ध वाटा दिला. हिंदू कोड बिल रखडले म्हणून १९५१ साली मंत्रिपदाचा राजीनामा देणाऱ्या बाबासाहेबांचे आपण अनुयायी. बहीण राजीखुशीने वाटा सोडील तर ती तिची इच्छा. परंतु भिडेने, धाकाने घेतलेली सही हा कायद्याने दोष आहेच, शिवाय ते सम्यक कर्म नव्हे.

ज्या समाजाने गावाकडे हक्क मागितला, त्याने घरात 'हीच आपली वहिवाट' असे म्हणू नये. महाडचा दावा लावणारेही तेच म्हणत होते. तेव्हा असा कागद आपल्या घरात निघाला, तर सही मागण्याआधी बहिणीला तो मोठ्याने वाचून दाखवा, तिचा वाटा किती हे सांगा, आणि मग तिला विचारा. हक्क आणि सम्यक हे दोन शब्द तेथे पुन्हा एक होतील.

जय भीम!