शूर्पणखेची बाजू

(नाशिकमधील महिला गटांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



'मॅलेफिसन्ट' हा इंग्रजी सिनेमा २०१४ साली आला. गोष्ट जुनीच, झोपी गेलेल्या राजकन्येची. डिस्नेच्या १९५९ च्या कार्टूनपटात शाप देणारी परी नुसतीच दुष्ट होती. का चिडली? तर राजकन्येच्या जन्माच्या सोहळ्याला बोलावलं नाही म्हणून! लिंडा वूल्व्हर्टन या लेखिकेने नव्या सिनेमात तीच गोष्ट त्या परीच्या बाजूने लिहिली. प्रेमाचं नाटक करणारा पुरुष राजगादीसाठी तिला गुंगीचं औषध पाजतो आणि तिचे पंख कापून नेतो. शाप येतो तो त्यानंतर.

आपण नाशिकच्या बायका. आपल्याला दुसरं एक कापणं आठवायला हवं. लक्ष्मणाने शूर्पणखेची नासिका पंचवटीत कापली म्हणून या गावाला नाशिक म्हणतात, असं परंपरा सांगते. म्हणजे रोज पत्त्यात आपण एका बाईला झालेल्या शिक्षेचं नाव लिहितो. सीतागुंफेपुढे रांगा लागतात. शूर्पणखेची बाजू कुणी विचारत नाही.

वाल्मीकीच्या अरण्यकांडात ती रामाला सरळ विचारते, माझा स्वीकार कर. राम म्हणतो, माझं लग्न झालंय, भावाकडे जा. भाऊ म्हणतो, मी तर दास, तू थोरल्याकडेच जा. दोघे थट्टा करतात आणि ती खरं मानते. शेवटी ती सीतेवर धावून जाते, तेव्हा तिचे नाक-कान कापले जातात. उत्तरकांड आणखी एक गोष्ट सांगतं. तिचा नवरा विद्युज्जिह्व युद्धात मारला गेला, तो तिच्या सख्ख्या भावाच्या, रावणाच्या हातून. मग तिची रवानगी दंडकारण्यात झाली.

ती सीतेवर धावली, हे झाकायचं कारण नाही. पण हल्ला थोपवणं वेगळं आणि जन्मभर दिसेल अशी खूण चेहऱ्यावर करणं वेगळं. नाकच का? 'घराण्याचं नाक कापलं' असं आपण कुणाबद्दल म्हणतो? बहुधा मुलीबद्दल. घराची अब्रू बाईच्या चेहऱ्यावर ठेवायची आणि शिक्षाही तिथेच करायची! संशयावरून बायकोचं नाक कापल्याच्या बातम्या आजही येतात. नकार दिला म्हणून मुलीच्या तोंडावर ॲसिड फेकलं जातं. २०१३ साली तो स्वतंत्र गुन्हा झाला, किमान शिक्षा दहा वर्षांची. शूर्पणखेला मागणी केली म्हणून, या मुलींना नकार दिला म्हणून. बाईने स्वतःच्या इच्छेने बोलायचंच नाही, असाच याचा अर्थ.

बाईला राक्षसीण ठरवलं की पुढचं सगळं सोपं होतं. सातपुड्यात बायकांना डाकीण ठरवून मारहाण झाली, गावाबाहेर काढलं गेलं. डॉ. नरेंद्र दाभोलकरांच्या हत्येनंतर, २०१३ सालीच, आपल्या राज्यात जादूटोणाविरोधी कायदा आला. पण डाकीण हा शब्द आधी गोष्टीत घडतो, मग गावात.

सिनेमाबद्दल एक तक्रारही आहे. तिथे परीला माफी मिळते ती आईच्या मायेमुळे. राजकन्या जागी होते तीही तिच्याच कपाळावरच्या मुक्याने. छान आहे. पण आई न झालेली, गोड न झालेली बाई न्यायाला पात्र नाही का? चांगुलपणा सिद्ध केल्यावरच बाईची बाजू ऐकायची, ही अट आपल्याच समुपदेशन केंद्रांतही कधी कधी दारातून आत शिरते.

तेलुगू लेखिका वोल्गा यांच्या 'विमुक्ता' या संग्रहाला २०१५ साली साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यातल्या एका कथेत रामाने टाकलेली सीता शूर्पणखेला भेटते. शूर्पणखेने बाग फुलवलेली असते. दोघी एकमेकींशी बोलतात. एका पुरुषावरून भांडायला लावलेल्या दोघी! आपल्या आज्यांनीही जात्यावर सीतेचा वनवास स्वतःच्या शब्दांत गायला. शूर्पणखेसाठी ओवी रचायचं काम आपल्यावर आहे.

म्हणून पुढच्या बैठकीत प्रत्येक गटाने एवढं करावं. आपल्या गावात, आळीत 'वाईट' म्हणून ठरलेली एक बाई आठवा. तिला तसं कोणी ठरवलं, कधीपासून, आणि त्यात कुणाचा फायदा झाला, हे विचारा. जमीन, घर, नकार, विधवापण, काहीतरी सापडेल. मग शक्य असेल तर तिच्याकडे जा आणि तिची गोष्ट तिच्याच तोंडून ऐका.