काठी, सोटा, दांडकं... आणि आधार

आजचा भाग मी मांजरसुंब्याहून बोलतोय. धुळे-सोलापूर हायवे आणि पाटोदा-केज रस्ता इथं चौकात भेटतात, त्यामुळे मागून हॉर्न ऐकू येतील. सांभाळून घ्या.

आजचा विषय साधा आहे: काठी. या चौकात तासभर उभं राहा, शेळ्यांमागं निघालेल्या पोराच्या हातात काठी दिसते, मेंढपाळाच्या हातात दिसते. कार्तिकी पौर्णिमेला इथून जवळच्या कपिलधारला मन्मथस्वामींच्या यात्रेला दिंड्या पायी येतात, तेव्हाही दिसते. म्हणजे काठी फक्त म्हाताऱ्यांची नाही. आपली भाषाही हेच सांगते.

बघा ना. जाड आणि दणकट असेल तर सोटा. आखूड असेल तर दांडकं किंवा दंडुका. बारीक आणि लवचिक असेल तर छडी, ती मास्तरांची. बैल हाकायची, टोकाला आर ठोकलेली, ती पराणी. शेळ्यांसाठी फांदी ओढायची ती आकडी. आणि बडगा? तो आता पेपरात राहतो, ‘कारवाईचा बडगा’ म्हणून. कुबडीचंही तसंच. समर्थ रामदासांच्या चित्रात दिसते ती कुबडी टेकून बसायची, बैराग्याची. आज आपण कुबडी म्हणतो ती दवाखान्यातली, नाहीतर सरकारला लागणारी!

‘दंड’ तर कमालीचा शब्द. मूळ अर्थ काठी. त्यातूनच शिक्षा आली, ट्रॅफिक पोलिसाची पावती आली, आणि काठीसारखं जमिनीवर आडवं होणं म्हणजे दंडवतही आला. वारीतले चोपदार आठवा. ‘चोब’ म्हणजे फारसीत लाकूड. चोपदारानं हातातला दंड वर केला की हजारो वारकरी गप्प होतात. शिवकाळात जमीनसुद्धा काठीनंच मोजायचे. पाच हात पाच मुठी म्हणजे एक काठी.

काठी तयार करणं हेही एक काम होतं. भरीव वेळू निवडायचा, पेरं जवळजवळ असलेला. आगीवर शेकून वाक काढायचा. मग तेल पाजायचं, म्हणजे ती सहजासहजी तडकत नाही. खालच्या टोकाला लोखंडी किंवा पितळी शेंबी बसवायची, नाहीतर दगडावर टेकून टेकून लाकूड झिजतं.

आता मुद्द्यावर येतो. एवढ्या शब्दांतून आपल्या पिढीकडे उरला एकच: म्हातारपणाची काठी. आणि तिथंच घोळ होतो.

माझ्या आज्यानं आयुष्यभर रानात काठी वापरली. साप, कुत्रं, चिखल, सगळ्याला तीच. पण गुडघे दुखायला लागल्यावर वडील मेडिकलमधून अॅल्युमिनियमची काठी घेऊन आले, तर आजा म्हणाला, “मी काय लंगडा झालो का? ठेव तिकडं.” ती दाराआड पडून राहिली. मग चुलत्यानं जुनी वेळूची काठी बेताची कापली, खाली रबर बसवलं आणि म्हणाला, “तात्या, रानात जाताना असू द्या.” तात्यांनी घेतली. आधार तोच, नाव फक्त बदललं.

हे हसण्यावारी नेऊ नका. म्हातारपणी पडून खुब्याचं हाड मोडलं, तर माणूस महिनोन्महिने अंथरुण धरतो. म्हणून काठी घेताना तीन गोष्टी बघा. पायात नेहमीची चप्पल घालून, हात सैल सोडून उभं करा. काठीची मूठ मनगटाच्या रेषेपाशी यायला हवी. दुसरं, दुखतो त्याच्या विरुद्ध बाजूच्या हातात काठी धरायची. उजवा गुडघा दुखत असेल तर डाव्या हातात. आणि दुखरा पाय आणि काठी एकदमच पुढं टाकायची. तिसरं, घरात फरशी असेल तर टोकाला रबर हवंच. लोखंडी शेंबी फरशीवर सटकते. चक्कर येत असेल किंवा वारंवार तोल जात असेल, तर मात्र आधी डॉक्टरांना दाखवा.

आणि बोलताना जरा जपून. “आता तुम्हाला काठीच लागणार” असं म्हणू नका. “रानात जाताय ना, काठी घ्या” म्हणा. आपल्याकडे काठी ही चालत्या माणसाची वस्तू होती. ती तशीच राहू द्या.

तुमच्या गावाकडे काठीला अजून काय म्हणतात? घरातल्या म्हाताऱ्या माणसाला विचारा आणि त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा. पुढच्या भागात ऐकवतो. चला, भेटू!