दिसेल तिथे सुई पोचेल



१९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलंड शहरात ८२ वर्षांच्या एका बाईंच्या पायाला गँग्रीन होऊ लागलं होतं. पाय कापू द्यायला त्या तयार नव्हत्या. चार्ल्स डॉटर या रेडिओलॉजिस्टनी एक्स-रेच्या पडद्यावर बघत, मांडीतल्या अरुंद धमनीत आधी तार आणि मग तिच्यावरून नळ्या सरकवून वाट मोठी केली. पाय वाचला. पुढे याच वाटेनं अँजिओप्लास्टी आपल्या ओळखीची झाली.

मला आज बोलायचं आहे ते या रक्तवाहिन्यांच्या मागे राहिलेल्या लसीकावाहिन्यांबद्दल, म्हणजे शरीरातला लसीका (लिम्फ) हा द्रव वाहून नेणाऱ्या नळ्यांबद्दल. आतड्यात शोषलेली चरबी या वाहिन्या छातीतल्या एका मुख्य नळीतून रक्तात पोचवतात. ही नळी जेमतेम काही मिलिमीटर रुंद. अन्ननलिकेच्या किंवा हृदयाच्या शस्त्रक्रियेत तिला धक्का लागला, तर दुधासारखा द्रव फुप्फुसाभोवती साचत राहतो. नळी टाकून तो काढला, तरी त्याबरोबर प्रथिनं आणि पांढऱ्या पेशी वाहून जातात. ऑपरेशन झालेला माणूस डोळ्यांदेखत खंगत जातो.

छेद पडला कुठे, हेच दिसत नसे. १९५२ मध्ये किनमंथ या सर्जननी पावलावर छेद घेऊन, केसासारखी बारीक लसीकावाहिनी शोधून तिच्यात रंगद्रव्य भरण्याची रीत मांडली. काम इतकं किचकट, की सीटी स्कॅन आल्यावर ते जवळजवळ विस्मरणात गेलं. फिलाडेल्फियाच्या कॉन्स्टंटिन कोप या रेडिओलॉजिस्टनी मात्र ते सोडलं नाही. आधी डुकरांवर प्रयोग केले. मग १९९० च्या दशकात, पोटावरून बारीक सुई थेट कण्यासमोरच्या लसीकावाहिनीपर्यंत नेऊन, तिच्यातून नळी वर चढवून गळती आतूनच बुजवली. मला या चिकाटीचं फार अप्रूप वाटतं. वरून टोचलेली सुई पोटातल्या अवयवांमधून आरपार जाते आणि तरीही बहुतेक वेळा काही बिघडत नाही, यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

आता पावलावर छेदही लागत नाही. सोनोग्राफीत बघून जांघेतल्या लसीकाग्रंथीत सुई टोचतात. याच वाटेनं एमआरआयसाठीचं द्रव्य सोडल्यावर फिलाडेल्फियातल्याच डोरी आणि इटकिन या डॉक्टरांना एक जुनं कोडं उलगडता आलं. हृदयाचा एकच कप्पा नीट चालणाऱ्या काही मुलांना, शस्त्रक्रियेनंतर काही वर्षांनी, खोकताना श्वासनलिकेच्या फांद्यांच्या आकाराचे घट्ट साचे बाहेर पडतात. श्वास कोंडतो. अशा बहुतेक मुलांत लसीका उलटी फुप्फुसाकडे वळलेली दिसली. तो प्रवाह बंद केल्यावर अनेकांचे साचे थांबले.

पण मुख्य नळीच बुजवली, तर काहींना पुढे जुलाब लागतात, पायांना सूज येते. म्हणून नेमकी चुकीची फांदी तेवढीच बंद करायची, यावर आता संशोधकांचा भर आहे. आपल्या गडचिरोली-चंद्रपूरकडच्या हत्तीरोगात प्रश्न उलटा आहे. तिथे वाहिन्याच निकामी होऊन पाय सुजतात. बंद करण्याची कला पुष्कळ पुढे गेली. तुंबलेली लसीका पुन्हा वाहती करण्याचं काम अजून बरंच बाकी आहे, आणि आपल्याकडच्या रुग्णांना गरज आहे ती त्याचीच.